त्यांच्या दारात आपण काय घेऊन जातो?

(मिशनच्या वार्षिक मेळाव्यात सहकारी व देणगीदारांपुढे केलेले भाषण)



दरवर्षी या वेळी मी तुमच्यापुढे वसतिगृहाचा अहवाल वाचते. किती मुली दहावीला बसल्या, आरोग्य शिबिरं किती झाली, धान्य किती लागलं. यंदाचा अहवाल छापून तुमच्या हातात दिलेला आहे, तो कृपा करून घरी वाचा. आज मला मिळालेली वेळ मी दुसऱ्या विषयासाठी मागून घेतली आहे. दुपारच्या सत्रात तुम्हाला एका प्रस्तावावर मत द्यायचं आहे. ते देण्याआधी माझी एक चूक तुम्हाला माहीत असली पाहिजे, असं मला वाटलं.

विषय आहे क्रिप्टोचा, म्हणजे आभासी चलनाचा. तुमच्यापैकी काही जण मनात म्हणतील, हा मुंबई-पुण्याच्या लोकांचा विषय, नवापूर-अक्कलकुव्याच्या पाड्यांशी त्याचा काय संबंध? मलाही असंच वाटत होतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. होळी जवळ आली होती. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली माणसं परत येत होती. मुकादमाची उचल फिटून काहींच्या हातात थोडे पैसे उरले होते. वर्षातून एकदाच आपल्या लोकांच्या हातात असे पैसे दिसतात, आणि ते कधी दिसतात हे व्यापाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. अशा एका रविवारी, उपासना सुरू होण्याआधी, एक तरुण मला भेटायला आला. आपल्याच वसतिगृहात वाढलेला मुलगा. मी त्याला पाचवीत पाढे शिकवलेत. पुढे तो सुरतेला कामाला गेला होता. आता अंगात पांढरा शर्ट, हातात टॅब. म्हणाला, "ताई, उपासनेनंतर दहा मिनिटं द्या. लोकांच्या फायद्याचं आहे." मी दिली. आपलं पोरगं शिकून परत आलंय आणि समाजासाठी काही करू बघतंय, याचा मला आनंद झाला होता.

तो मावचीतून बोलला, छान बोलला. हे नाणं सोन्यासारखं आहे, पण फोनमध्ये राहतं, म्हणाला. चोर नेत नाही, कसर लागत नाही, गंज चढत नाही. बंधुभगिनींनो, हे शब्द कुठून आले ते तुम्हाला सांगायला नको. रविवारच्या शाळेत मीच त्याला ते शिकवले होते. प्रभूने स्वर्गातल्या धनाबद्दल जे सांगितलं, ते हा मुलगा एका नाण्याला लावत होता. आणि मी, थिऑलॉजीचा डिप्लोमा केलेली बाई, तिथे उभी राहून कौतुकाने हसत होते.

शेवटी एक फोटो निघाला. त्यात मी त्याच्या शेजारी उभी आहे. तो फोटो आठ दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवरून आजूबाजूच्या सगळ्या पाड्यांवर फिरला. खाली काही लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. लोक एकमेकांना सांगत होते, "ताईपण आहे त्यात."

एका नावाला साडेपाच हजार रुपये. आपल्याखाली आणखी दोघांना आणलं की तुमचे पैसे लवकर वाढणार. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचा फोन तो स्वतः हातात घ्यायचा, अ‍ॅप टाकायचा आणि पासवर्ड आपल्या वहीत लिहून ठेवायचा. दोन महिने फोनवरचा आकडा वाढत राहिला. लोक संध्याकाळी रेंज मिळते त्या टेकडीवर जाऊन आकडा बघून येत. मग एकाला मुलीच्या लग्नासाठी पैसे काढायचे होते, तेव्हा उत्तर आलं की आधी कर भरा, मग पैसे सुटतील. त्याने उसने काढून तो कर भरला. पावसाळा लागला तेव्हा अ‍ॅप उघडायचंच बंद झालं.

आपल्या मंडळीतली तेरा कुटुंबं यात बुडाली. त्यात एक माय आहे, एकटी राहते. तिने दोन शेळ्या विकून पैसे दिले होते. मी तिच्याकडे गेले तेव्हा ती रागावली नाही. भाकरी थापत होती, तशीच थापत राहिली, आणि म्हणाली, "मला काय कळतं त्यातलं? तू उभी होतीस म्हणून दिले."

पुढे १९३० या हेल्पलाइनवर तक्रार झाली, पोलिसांतही लेखी तक्रार दिली. पैसे अजून परत आलेले नाहीत. आणि तो मुलगा? त्याने स्वतःची सुरतेतली कमाई आणि आईची बचत, दोन्ही त्यातच घातली होती. त्याच्या वर कोणी होता, त्याच्याही वर कोणी होता. सगळ्यात वरच्याचं नाव त्यालाही माहीत नव्हतं.

आता हे क्रिप्टो म्हणजे काय, ते मला समजलं तेवढं थोडक्यात सांगते. खरं आभासी चलन असतं. त्यातलं पहिलं, बिटकॉइन, जानेवारी २००९ मध्ये सुरू झालं. कोणाकडून कोणाकडे किती गेलं याची एकच खतावणी जगभरातल्या हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली असते, म्हणून कोणा एकाला ती गुपचूप बदलता येत नाही. मध्ये बँक नाही, सरकार नाही. तुमच्या नाण्यांवर तुमचा हक्क एका गुप्त किल्लीने सिद्ध होतो. ती किल्ली बहुधा १२ किंवा २४ इंग्रजी शब्दांच्या रूपात लिहून ठेवायची असते. ते शब्द हरवले तर नाणी गेली. ते दुसऱ्याच्या हाती लागले तरी नाणी गेली. मग कोणाकडे अर्ज करणार? मध्ये कोणीच नाही, हेच तर त्या व्यवस्थेचं वैशिष्ट्य आहे.

आपल्या देशात हे कायदेशीर चलन नाही. १ एप्रिल २०२२ पासून त्यातल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस कापला जातो. एजंट लोक हेच उलटं करून सांगतात की सरकार कर घेतं, म्हणजे सरकारची मान्यता आहे. कर लावला म्हणून पैशाची हमी मिळत नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो आणि बँकेविरुद्ध लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. इथे तसलं काही नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतातल्या मोठ्या एक्सचेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. तिथे शिकलेली, इंग्रजी वाचणारी माणसंही अडकून पडली.

आमच्या पाड्यावर जे आलं ते मात्र खरं आभासी चलनसुद्धा नव्हतं. तो फोनवर दिसणारा नुसता आकडा होता. पण त्या मायला हा फरक कसा कळावा? आणि खरं सांगायचं तर, त्या रविवारी मला तरी कुठे कळला?

नंतर मी वाचायला लागले, तेव्हा लक्षात आलं की ही फसवणूक फोनवरून कमी आणि पायी चालत जास्त येते. पुण्यात २०१८ मध्ये उघडकीला आलेलं गेनबिटकॉइन प्रकरण बघा. महिन्याला १० टक्के, १८ महिने, असं सांगून माणसामागे माणूस जोडत गेले. वनकॉइन नावाच्या नाण्याची तर सभाच भरत असे. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबईत अशाच एका सभेत पोलिसांनी १८ जणांना अटक केली. त्या कंपनीची बाई, रूजा इग्नातोवा, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेपत्ता झाली. अमेरिकेतल्या सरकारी वकिलांच्या मते जगभरात सुमारे ४०० कोटी डॉलर त्यात गेले. युगांडातल्या साध्या कुटुंबांची बचतही त्यात होती, हे बीबीसीच्या वार्ताहरांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं. ऑगस्ट २०२३ मध्ये ओडिशाच्या आर्थिक गुन्हे शाखेने एसटीए टोकन नावाच्या योजनेतल्या लोकांना पकडलं. भद्रक, बालेश्वर, केंदुझर, मयूरभंज या जिल्ह्यांतली हजारो माणसं त्यात होती. केंदुझर आणि मयूरभंज हे आदिवासी जिल्हे आहेत, आपल्या नंदुरबारसारखेच.

आणि एक उदाहरण आपल्या घरचं म्हणावं असं आहे. अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात, एका ऑनलाइन चर्चच्या पाळकाने आणि त्याच्या पत्नीने स्वतःचं नाणं काढलं आणि ते मुख्यतः ख्रिस्ती लोकांना विकलं. राज्याच्या अधिकाऱ्यांनी जानेवारी २०२४ मध्ये दावा केला, त्यानुसार ३०० हून अधिक लोकांकडून सुमारे ३२ लाख डॉलर गोळा झाले होते. परमेश्वरानेच हे करायला सांगितलं, असं त्या पाळकाचं म्हणणं होतं. तिथली माणसं अशिक्षित नव्हती. त्यांचा पाळकावर विश्वास होता.

या सगळ्यातून मला एक गोष्ट समजली, आणि आज मला तुम्हाला तेवढीच सांगायची आहे. माणसाला जी वस्तू पारखता येत नाही, तिच्याऐवजी तो ती आणणाऱ्याला पारखतो. ती माय बाजारात फसत नाही. शेळी दोन हातांनी उचलून तिचं वजन सांगते. मोहाची फुलं मुठीत घेऊन ती ओली की वाळलेली ते ओळखते, आणि व्यापाऱ्याच्या तराजूवर तिची नजर असते. तिला अडाणी म्हणणं पाप आहे. पण फोनमधलं नाणं मुठीत येत नाही. म्हणून तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. पारख तिने बरोबरच केली होती. ज्या माणसाच्या भरवशावर ती केली, तो माणूस त्या दिवशी बेसावध होता.

आपल्या भागाला हे नवीन नाही. शहादा-तळोद्याकडच्या जुन्या माणसांना विचारा. सावकाराच्या कागदावर अंगठे उठले आणि जमिनी गेल्या. कागदावर काय लिहिलंय ते अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हतं. अंबरसिंग सुरतवंती यांनी १९७० च्या सुमारास शहाद्यात भिल्ल समाजाला उभं केलं, पुढे आदिवासींच्या जमिनी परत करण्यासाठी १९७४ चा कायदा झाला, तेव्हा कुठे काहींना आपलं शेत पुन्हा दिसलं. त्या वेळी कागद होता, आज फोन आहे. अंगठा त्याच माणसाचा आहे.

थिऑलॉजीच्या वर्गात आमचे गुरुजी आम्हाला एक सवय लावायचे. एखादा उतारा वाचायचा असेल तर त्याच्या आधीची चार वचनं आधी वाचा, म्हणायचे. गरीब विधवेची दोन नाणी आपण सगळे जाणतो. अर्पणाच्या वेळी त्यावर किती उपदेश झाले असतील! पण मार्ककृत शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात त्या प्रसंगाच्या अगदी आधी प्रभू कोणाविषयी सावध करतो? लांब झगे घालून फिरणाऱ्या, लोकांकडून मान घेणाऱ्या, आणि विधवांची घरं गिळणाऱ्या धर्मपुढाऱ्यांविषयी. त्यानंतर लगेच ती विधवा येते आणि होतं नव्हतं तेवढं टाकून जाते. आपण दोन नाण्यांवर उपदेश करतो आणि आधीची वचनं सोडून देतो. मीही किती वर्षं सोडत आले.

मंदिरातले सराफ आठवा. ते तिथे का बसत? मंदिराचा कर सोर नगरीच्या चांदीच्या नाण्यात द्यावा लागे. गालीलातून चालत आलेल्या खेडुताकडे रोजच्या वापरातली नाणी असत. ती बदलून घेतल्याशिवाय त्याला गत्यंतर नव्हतं. भाव काय ते सराफ ठरवणार. आणि जागा कोणती? देवाच्या घराचं अंगण. तिथे बसलेल्या माणसावर खेडूत संशय तरी कसा घेणार? प्रभूने ते चौरंग उलथले. त्या रविवारी मी आपल्या अंगणात तसाच एक चौरंग मांडू दिला, असं मला वाटतं. मंडळीपुढे उभी राहून मी हे कबूल केलं आहे, आज तुमच्यापुढेही करते.

आता दुपारच्या प्रस्तावाकडे येते. इथे काम जास्त अवघड आहे, कारण खोट्या माणसाला नाही म्हणणं सोपं असतं, भल्या माणसाला नाही म्हणणं कठीण.

परदेशात राहणारे आपले एक बंधू कित्येक वर्षं आपल्या मुलींच्या शिक्षणाला हातभार लावत आले आहेत. मनाने मोठे आहेत आणि प्रामाणिक आहेत. आभासी चलनात त्यांचं स्वतःचं भलं झालं, ते गरिबांचंही व्हावं अशी त्यांची इच्छा आहे. त्यांचा प्रस्ताव असा: प्रत्येक कुटुंबाच्या फोनमध्ये थोडं खरं बिटकॉइन भेट म्हणून द्यायचं. आपल्या कार्यकर्त्यांना ते प्रशिक्षण देतील, कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांना ते वापरायला आणि त्यात बचत करायला शिकवायचं. आणि जितकी कुटुंबं जोडली जातील त्या प्रमाणात मुलींच्या वसतिगृहाच्या बांधकामाला ते मदत करतील. वसतिगृहाचं छप्पर गळतं हे तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात मुली गाद्या गुंडाळून एका कोपऱ्यात झोपतात. म्हणजे आपल्याला या पैशाची गरज आहे, हे मी नाकारत नाही.

त्यांचं म्हणणंही पोकळ नाही. बँक दूर आहे, खरं आहे. ऊसतोडीची मजुरी मुकादमाच्या हातातून येते, हेही खरं. बँक मित्राच्या यंत्रावर कष्टकऱ्याचा झिजलेला अंगठा उमटत नाही. कधी 'सर्व्हर बंद आहे' म्हणून माणसाला परत पाठवतात, आणि पैसे मात्र खात्यातून गेलेले असतात. या तक्रारी मी स्वतः लिहून दिल्या आहेत. पण त्या लिहून द्यायला एक खिडकी होती. खातं होतं, पासबुक होतं, शाखेत नाव-गाव असलेला माणूस होता. त्यातून काहींचे पैसे परतही आले.

असा प्रयोग इतर ठिकाणीही झालेला आहे. मध्य अमेरिकेत एल साल्वादोर नावाचा छोटा देश आहे. तिथल्या एल झोंते या समुद्रकाठच्या गावात २०१९ पासून चांगल्या हेतूने बिटकॉइन आणलं गेलं, तरुणांना काम दिलं, दुकानदारांना शिकवलं. ते बघून सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारने सगळ्या देशातच ते कायदेशीर चलन केलं आणि अ‍ॅप घेणाऱ्या प्रत्येकाला ३० डॉलर दिले. अर्थशास्त्रज्ञांनी नंतर १,८०० घरांची पाहणी केली. अ‍ॅप घेतलेल्या निम्म्याहून अधिक लोकांनी भेटीचे ३० डॉलर खर्च केल्यावर पुन्हा ते वापरलंच नाही. जे वापरत राहिले ते बहुतेक तरुण, शिकलेले, आधीच बँकेत खातं असलेले पुरुष होते. ज्यांच्यासाठी म्हणून आणलं, त्यांना ते नको होतं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने कायदा बदलला आणि दुकानदारांवरची सक्ती काढली.

केनियात २०२३ साली वर्ल्डकॉइनचे लोक एक गोळा घेऊन बसत. त्यात डोळा दाखवायचा, म्हणजे बुबुळाचा ठसा घेतला जायचा आणि बदल्यात सुमारे ७,००० शिलिंगांची नाणी मिळायची. नैरोबीत रांगा लागल्या. त्या ठशाचं पुढे काय होणार, हे रांगेतल्या किती जणांना समजलं असेल? ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने ते काम थांबवलं, आणि मे २०२५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने गोळा केलेली माहिती पुसून टाकायला सांगितलं. गरज असलेला माणूस भेट आधी घेतो आणि प्रश्न नंतर विचारतो. आपणही त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे की दुपारी मत देताना तीन गोष्टी विचारात घ्या. कोणतीही नवी वस्तू, योजना, विमा, नाणं, काहीही आपल्या कार्यकर्त्याने पाड्यावर न्यावं की नाही, हे ठरवताना आम्हाला त्या उपयोगी पडतील.

पहिली. ती माय आपल्या सुनेला ही गोष्ट मावचीतून, आपल्या शब्दांत, आम्ही तिथे नसताना समजावून सांगू शकेल का? खातं, पासबुक, गटाची बचत, हे ती सांगू शकते. बारा इंग्रजी शब्दांची किल्ली ती सांभाळू शकत नाही. मग ती कोणाकडे ठेवेल? आमच्याकडेच. म्हणजे पाड्याचे सगळे पैसे एका कार्यकर्त्याच्या वहीत. तो कार्यकर्ता देवभीरू असेल, पण हा भार कोणाही माणसावर टाकू नये.

दुसरी. बिघडलं तर ती कोणाचं दार वाजवणार? ते दार किती कोसांवर आहे, आणि ते उघडेल का? बिटकॉइनचा भाव वर्षात अर्ध्यावर आलेला आपण बघितलाय. २०२२ मध्ये तो अर्ध्याहूनही खाली गेला होता. ज्याच्याकडे दहा लाख आहेत, तो थांबू शकतो. ज्याला आषाढात बियाणं घ्यायचं आहे, तो थांबू शकत नाही.

तिसरी. घेऊन जाणाऱ्याला डोक्यामागे काही मिळतं का? आमच्या त्या मुलाला मिळत होतं. या प्रस्तावात कार्यकर्त्याला काही मिळणार नाही, पण वसतिगृहाला मिळणार आहे. मी स्वतःला विचारून पाहिलं. पाऊस पडत असेल, छप्पर गळत असेल, आणि आणखी दहा कुटुंबं जोडली तर पत्रे येणार असतील, तर माय 'नको' म्हणाल्यावर मी गप्प उठून येईन का? मला माझी खात्री नाही.

शिवाय परदेशी देणगी आपल्याला दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातूनच घ्यावी लागते. दुसऱ्या वाटेने आलेली भेट संस्थेलाही अडचणीत आणील.

मी त्या बंधूंशी फोनवर बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक प्रश्न विचारला: "पण लोकांना नीट शिकवलं तर?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की शिकवायचं तर शिकवूच. पण सुरुवात पासबुक वाचण्यापासून करू. ओटीपी कोणाला सांगायचा नाही. आपला फोन दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. पैसे मिळण्यासाठी आधी पैसे भरा असं कोणी म्हणालं, तर तिथेच उठायचं. महिन्याला ठरावीक टक्के वाढ देतो म्हणणाऱ्याला बाहेरची वाट दाखवायची. यूपीआयने सुरतेहून आलेले पैसे आले की नाही, ते आपलं आपण बघायचं. हे सगळं मावचीतून, भिलीतून, दोन वर्षं शिकवू. त्यानंतर कोणाला स्वतःच्या अकलेने, स्वतःच्या पैशाने नाणं घ्यायचं असेल, तर तो त्याचा हक्क. पण आपण ते विकायला जायचं नाही, भेट म्हणून द्यायचं नाही आणि त्याच्या शेजारी फोटोला उभं राहायचं नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की त्या बंधूंना प्रेमाने पत्र लिहावं आणि ही मदत नाण्याशी न जोडता या शिक्षणासाठी द्यावी, अशी विनंती करावी. त्यांनी मानलं तर देवाची स्तुती. नाही मानलं तर छपराचं काम आपल्यालाच करावं लागेल. तसं झालं, तर जेवणानंतर स्त्री संघाच्या भगिनी पेटी घेऊन येतील, तेव्हा माझे शब्द लक्षात असू द्या.

आपण पाड्यावर गेलो की लोक बाजेवर चादर टाकतात, कोरा चहा ठेवतात. हा मान कोणा एका माणसाने कमावलेला नाही. आपल्या आधी पटकीच्या साथीत, दुष्काळात, पायी चालत गेलेल्या सेवकांनी तो मिळवला. आपण तो खर्च करतो आहोत. तेरा घरांमध्ये मी तो खर्चून आले.

त्या मायला मी गेल्या दिवाळीत माझ्या पैशातून दोन शेळ्या घेऊन गेले. तिने बराच वेळ बघितलं. एक ठेवून घेतली, दुसरीचा कासरा माझ्या हातात परत दिला. म्हणाली, "एक तुझ्यामुळे गेली होती. एक माझ्या हावेने." मी आग्रह केला, पण ऐकेना. ती दुसरी शेळी आता वसतिगृहात आहे, तिला दोन करडं झाली आहेत. तो मुलगाही महिन्यातून एकदा येतो, मंडळीत मागे बसतो. बुडालेल्या घरांना तो मजुरीतून थोडं थोडं फेडतो आहे. कोणी त्याला तसं सांगितलं नव्हतं. फोनच्या शिक्षणाचे वर्ग सुरू झाले, तर पहिला शिकवणारा म्हणून मी त्याचं नाव सुचवणार आहे. तुम्हाला ते कदाचित आवडणार नाही. पण कुठे कसं फसवलं जातं, हे आमच्यात त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत नाही.

आमच्यासाठी प्रार्थना करा. आम्ही कोणाच्या दारात काय घेऊन जातो ते आम्हाला विचारत राहा, आणि आमचं उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारा. प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.